बारागाड्यांपुढचं इंजिन

सुपडू भगताचा गुडघा बदलला, तेव्हा गावात गुडघ्याची चौकशी कोणीच केली नाही. जो तो विचारी, आता बारागाड्यांचं काय?

धरणगावच्या बाजूची ही गावं. चैत्रात खंडेरावाची यात्रा भरते आणि बैल न जुंपलेल्या बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. त्यांत बायामाणसं, लेकरं, पाव्हणेरावळे दाटीवाटीनं बसतात. सगळ्यात पुढे कमरेला दोर बांधून भगत उभा राहतो. देव अंगात आला की भगत धावतो आणि देवळापासून वेशीपर्यंत बाराच्या बारा गाड्या एकटा ओढून नेतो. भगताच्या दोन्ही अंगांना दोन माणसं धावतात, त्यांना बगले म्हणतात. गाडी कलंडू नये म्हणून गावची पोरं मागे आधाराला असतात. आता एवढी पोरं आधाराला कशाला लागतात, हे विचारायची पद्धत नाही. देवाच्या कामात फार चौकशा करणाऱ्याचं पोट दुखतं, असं आमच्याकडे म्हणतात.

तर ही पहिल्या गाडीपुढची जागा सुपडूच्या घराची. आधी बाप, मग तो स्वतः, तीसेक वर्षं. बाकी दिवसांत सुपडूला कोण विचारतो? त्याची कपाशी सगळ्यांच्या आधी लाल पडते, ग्रामसभेत तो बोलायला लागला की लोकांना चहा आठवतो. पण यात्रेच्या दिवशी कलेक्टर आला तरी त्याला सुपडूच्या मागेच उभं राहावं लागेल. ती जागा गेली की सुपडू कोण, हे सुपडूलाही सांगता आलं नसतं. आणि डॉक्टरांनी तर स्पष्ट बजावलं होतं, "आबा, चाला, फिरा, पण पळायचं नाही. आणि ओढायचं तर नावच काढू नका."

हे ऐकून सगळ्यात जास्त हळहळला तो दूध डेअरीचा चेअरमन चुडामण. हळहळता हळहळता त्यानं आपल्या पुतण्याचं, कुंदनचं नाव पुढे केलं. कुंदन जळगावला जिममध्ये जातो आणि त्याचे दंड शर्टात मावत नाहीत. सुपडूला मुलगा नाही. एकच मुलगी, नूतन. ती दीपनगरला वीजकेंद्रात इंजिनीअर. पोरीला पुढे उभं करावं एवढं शहाणपण आमच्या गावात अजून आलेलं नाही.

गुडघा मुरेपर्यंत सुपडू आणि त्याची बायको सुंदरबाई नूतनच्या क्वार्टरवर राहायला गेले होते. तिथे एका रविवारी नूतन आबाला कॉलनीच्या मैदानावर घेऊन गेली. खुर्ची टाकून दिली, आणि पिशवीतून कोंबड्याएवढी एक मोटारगाडी काढली. रिमोटवर चालणारी. सुपडूला वाटलं, पोरीला लेकरू नाही म्हणून खेळणं आणलं असेल. त्याला भरून आलं. तेवढ्यात नूतननं बाटलीनं गाडीच्या टाकीत निळसर पाणी भरलं, इंजिनाच्या डोक्यावर एक दांडीसारखी बॅटरी खोचली आणि बाजूची दोरी हिसडली. लिंबाएवढं ते इंजिन असं काही किंचाळलं की सुपडूचं भरून आलेलं जागीच आटलं.

मग नूतननं डोक्यावरची बॅटरी काढून खिशात टाकली. इंजिन चालूच.

"बॅटरी तं तू काढी लिन्ही," सुपडू म्हणाला. "आते त्याले पेटाडस कोण?"

"कोन्ही नही, आबा. तो सोता पेटस."

नूतनला कोणी आपल्या छंदाबद्दल विचारलं की ती थांबत नाही. नवरा बिचारा विचारणं सोडून कधीचा मोकळा झाला होता. तिनं गाडी बंद केली, इंजिनाच्या डोक्यातला प्लग काढला आणि आबाच्या तळहातावर ठेवला. आत नथीच्या तारेहूनही बारीक असं तारेचं वेटोळं होतं. ही तार प्लॅटिनमची, ती म्हणाली. सुरुवातीला बॅटरीनं तिला लाल करावं लागतं. पण या इंधनात मिथेनॉल आहे, एक प्रकारचं स्पिरिट, आणि त्याची वाफ प्लॅटिनमला भिडली की तार आपली आपण तापते. वरून पिस्टनचा दाब, आधीच्या स्फोटाची ऊब. एक फेरा दुसऱ्या फेऱ्याची आग राखून ठेवतो. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे, दर फेऱ्याला एक स्फोट, आणि ठिणगी टाकणारं कोणी नाही.

सुपडू त्या तारेकडे बघत राहिला. त्याचा चेहरा असा झाला की नूतन घाबरली.

"म्हंजे पहिले कोन्ही चेतवाले लागस," तो सावकाश म्हणाला. "मंग चेतवणारा बाजूले व्हस, आन् तो सोताच तापस. थरथर करस. आरडस. धूर काढस."

"हा, आबा."

"नूतन, याना तं अंगमा येस."

 नूतनच्या इंजिनीअरिंगमध्ये या मुद्द्याला उत्तर नव्हतं. आणि संध्याकाळी जेवताना सुपडूनं जाहीर केलं की यंदा बारागाड्या हे इंजिन ओढेल.

"आबा, दोन-तीन किलोची वस्तू ती," नूतन म्हणाली.

"मी कितला किलोना शे? बारागाड्या काय किलोवर चालतस?"

"ते खेळणं शे, आबा!"

"मंग मीच वढस." सुपडू शांतपणे म्हणाला. "एक तं तो, नही तं मी. तू सांग."

 बाप नवा गुडघा घेऊन गाड्यांपुढे पळणार, त्यापेक्षा इंजिन पळालेलं बरं. नूतनला वाटलं, इंजिनाला एक गाडीही हलणार नाही, लोक हसतील, देव हसेल, आणि विषय संपेल. शिकलेल्या माणसाचा हिशेब असा नेहमी चोख असतो आणि नेहमी दुसऱ्याच गावचा असतो.

जुनं इंजिन झिजलेलं, म्हणून तिनं नवं बसवलं. नवं इंजिन एकदम पळवता येत नाही. त्याच्या पिस्टनचं नळकांडं वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद ठेवतात. थंड असताना पिस्टन वर जाऊन अडतो, तापल्यावर नळकांडं फुगतं आणि वाट मोकळी होते. म्हणून पहिल्या काही टाक्या भरपूर इंधन पाजून हळू चालवायचं, बंद करायचं, निवू द्यायचं, पुन्हा चालवायचं. सुपडूला हे समजावून सांगावंच लागलं नाही. यात्रेआधी भगतही असाच एकभुक्त राहतो, अनवाणी फिरतो, देवळात झोपतो. त्यानं इंजिनाचं व्रत स्वतःच्या हातात घेतलं. एक टाकी पाजायची, मग धुतलेल्या पाटावर ठेवून निववायचं, वर पांढरा रुमाल. क्वार्टरमध्ये कोणी कांदा-लसूण खाल्लेला त्याच्या जवळ फिरकायचा नाही. जावई चार दिवस ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवला.

आणि सुई. इंजिनाच्या अंगावर एक पितळी स्क्रू असतो, त्याला नूतन सुई म्हणे. सुई उघडली की इंधन जास्त, धूर जास्त, इंजिन गार पण सुस्त. सुई आवळली की इंधन कमी, आवाज चढा, जोर दांडगा, पण धूर विरतो आणि इंजिन आतल्या आत भाजून निघतं. "धूर दिसालेच जोयजे, आबा," ती म्हणाली. "त्या धूरमा तेल शे. तेल गयं की तो सोतालेच खाई टाकस." सुपडूनं मान डोलावली. आवळल्यावर जोर वाढतो, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं.

ते गावाकडे निघाले तेव्हा मोटारीत पुढच्या सीटवर इंजिन होतं, पट्टा लावलेलं, आणि जावई मागे. नशिराबादला चहाला थांबले तर सुपडूनं इंजिनासाठी काच थोडी खाली करून ठेवली. श्वास कोंडू नये म्हणून.

देवळाच्या मंडपात गाव बसलं. चुडामणानं ती गाडी हातात घेऊन उलटीपालटी केली, टाकीशी नाक नेलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"सुपडूभाऊ, हाऊ दारू पेस!"

मंडपात खळबळ. भगत दारू पिणारा नको, हा नियम सुपडूच्या बापानंच केलेला. सुपडूनं नूतनकडे बघितलं. नूतन म्हणाली, स्पिरिट आहे खरं, आणि विषारी आहे, कोणी बोट लावून चाखू नका. पण इंधनात एरंडेलही आहे, पिस्टन घासू नये म्हणून.

"एरंडेल?" एक म्हातारा पुढे सरकला.

"घोटाघोटाले," सुपडूनं संधी साधली. "पेस तितल्याच घोटमा एरंडेल लेस. पोट साफ. तुम्हनामा कोण शे असा?"

कोणी नव्हता. चुडामणानं दुसरा मुद्दा काढला, याला श्वास आहे का? नूतननं इंजिन चालू करून दाखवलं, पुढून हवा घेतो, मागून सोडतो, आणि सोडलेल्या हवेतली थोडी नळीनं परत टाकीत जाते, तिच्याच दाबानं इंधन पुढे सरकतं. हे ऐकून योगासनांच्या शिबिराला जाऊन आलेले दोघं एकमेकांकडे बघून आदरानं मान हलवू लागले. शेवटचा मुद्दा घराण्याचा. ओढणारा भगताच्या घरचा पाहिजे. तेव्हा सुंदरबाई, जिला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, उठली, तिनं ती गाडी पदरात घेतली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आते शे मना घरना."

दत्तकविधान झालं. पेढे वाटले. नाव मल्हारी ठेवलं. चुडामणाला पेढा गिळावा लागला आणि डाव्या बाजूचा बगला म्हणून उभंही राहावं लागलं, कारण तो त्याचा मान होता. कुंदनला दरसालप्रमाणे मागे आधाराला पाठवलं.

यात्रेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बारा गाड्या बांधल्या, भरल्या. पहिल्या गाडीपुढे वाटेवर पाणी शिंपडून रांगोळी काढली आणि मल्हारीला तिथे ठेवलं. सुताचा पिळलेला दोर त्याच्या मागे बांधला. सुंदरबाईनं त्याच्या डोक्यावर मूठभर भंडारा थापला. डोक्यावर पातळ पात्या असतात, त्यांतून इंजिनाची उष्णता बाहेर पडते, त्या बुजल्या. नूतन ते पुसायला धावली तर बायकांनी तिला अडवलं, देवाचा भंडारा पुसतात का? आणि तेवढ्या गडबडीत सुपडूनं कोणाला न दिसेल असं वाकून छोट्या स्क्रूड्रायव्हरनं सुई आवळली. चांगली घट्ट. ओढायचं म्हणजे जोर नको का?

नूतननं बॅटरी खोचली, दोरी हिसडली. मल्हारी किंचाळला. बॅटरी काढून घेतली तरी किंचाळतच राहिला, आणि गावानं एका आवाजात खंडेरावाचा जयजयकार केला. रिमोट सुपडूच्या हातात होता. वाटेच्या कडेनं खुर्ची न घेता, काठी टेकत तो चालू लागला.  त्यानं बोट आवळलं.

दोर ताठ झाला. मल्हारीची चाकं जागच्या जागी माती उधळू लागली. आणि पहिली गाडी हलली.

नूतनच्या हातातली बाटली पडली. दुसरी गाडी हलली, तिसरी, मग कर्र्र करत सगळी बाराची रांग. बायका रडू लागल्या. पोरं नाचू लागली. मल्हारी कोंबड्यासारखा मान ताठ करून चालला होता आणि त्याच्यामागे अख्खं गाव बसून चाललं होतं. सुपडूला वाटलं, आता मेलो तरी चालेल. देव त्याच्यातून निघून इंजिनात गेला होता आणि तरी त्याच्याच बोटाशी होता.

शाळेच्या वळणापाशी आवाज बारीक झाला. मग अगदी उंच गेला, सुईसारखा. धूर कधीच नाहीसा झाला होता. "आबा, सुई!" नूतन ओरडली. जयजयकारात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मल्हारीनं एक ठसका दिला आणि गप्प झाला.

सुपडूनं बोट आवळलं, पुन्हा आवळलं. मल्हारी जागचा हलला नाही. दोर सैल पडला आणि मातीत लोळला.

आणि गाड्या येतच राहिल्या.

त्याच चालीनं, त्याच कर्र्र आवाजात. त्यांना काही कळलंच नव्हतं जणू. सुपडूनं आधी दोराकडे बघितलं, मग गाड्यांकडे, मग पहिल्यांदाच, आयुष्यात पहिल्यांदाच, बाजूला उभं राहून मागे बघितलं. बाराव्या गाडीमागे, अकराव्या गाडीमागे, प्रत्येक चाकाशी पोरं होती. माना खाली घातलेल्या, पाय मातीत रोवलेले, पाठी घामानं भिजलेल्या. कुंदनच्या दंडावरच्या शिरा तट्ट फुगलेल्या. आधाराला म्हणे.

त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. पहिली गाडी मल्हारीवर चढायला हातभर उरली होती.

सुपडूनं काठी फेकली आणि धावला. डॉक्टर, गुडघा, सगळं विसरून धावला. उपरण्यात गुंडाळून त्यानं मल्हारीला उचललं, तरी तळहात चर्रकन भाजला. थांबला असता तर चाकाखाली गेला असता, म्हणून धावतच राहिला. दोराचं टोक त्यानं कमरेशी धरलं. गावाला वाटलं, देव इंजिनातून पुन्हा भगताच्या अंगात आला. ढोल दुप्पट वाजू लागले.

तो धावत होता आणि दोर ताठ दिसेल एवढाच पुढे राहत होता. ना जास्त, ना कमी. ओढायचं काहीच नव्हतं. फक्त ओढल्यासारखं दिसायचं होतं. आणि हे काम त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. इतकं अंगवळणी, की त्याला रडू आलं. लोक म्हणाले, भगताच्या डोळ्यांतून देव बोलतो.

वेशीत गाड्या थांबल्या. लोक पाया पडले, मल्हारीच्याही पडले, प्रसादाच्या वरण-बट्टीकडे पळाले. चुडामण मात्र शेजारीच उभा राहिला. बगला होता, सगळ्यात जवळून त्यानंच बघितलं होतं. तो ओरडून सगळ्यांना सांगेल म्हणून सुपडू वाट बघत होता. चुडामणानं खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या भाजलेल्या हाताला बांधला.

"तुले दिसनं ना?" सुपडूनं विचारलं. "दोर सैल व्हता."

"हा."

"कितला सालपाईन सैल शे?"

चुडामणानं रुमालाची गाठ मारली. "सुपडूभाऊ, मी बगला व्हयनू तवयपाईन तं मी देखी राहिनू. तुना बापना टाइमले मना बाप बगला व्हता. त्यानी माले सांगेल व्हतं."

"बठ्ठा गावले म्हाईत शे?"

"लोटतस त्यास्ले तं म्हाईत ऱ्हाईच ना." चुडामणानं गाठ ओढून बघितली. "पन पुढे कोन्ही पळालेच जोयजे, भो. नही तं लोटाले हुरूप कोले येस?"

"आन् तू कुंदनले पुढे घाली राहिंता?"

"मागे लोटी लोटी पोऱ्यानी पाठ गयी, सुपडूभाऊ," चुडामण म्हणाला. "म्हतलं, एखादा साल पुढे पळी. आराम व्हई."

एवढं बोलून तो जेवायला गेला. सुपडूला राग यायला हवा होता. आला नाही. लाज आली, आणि लाजेच्या मागून असं एकटेपण आलं की ते कोणाशी बोलावं हेही कळेना. तीस वर्षं सगळं गाव आपल्या पाठीशी होतं, आणि आपण एकदाही वळून बघितलं नव्हतं. मल्हारी उपरण्यात निवत होता. त्याच्या आत काही तरी टिक टिक करत होतं.

पोरं पंगतीत बसली होती. गाड्या वेशीत तशाच उभ्या होत्या आणि मोतीलाल एकटाच आपली शेवटची गाडी सोडवून घराकडे वळवायला धडपडत होता, त्याला गुरांचं पाणी करायचं होतं. सुपडूनं मल्हारीला वेशीच्या ओट्यावर ठेवलं, लंगडत गेला आणि गाडीच्या मागे उभा राहिला. मोतीलाल हबकला.

"आबा, तुम्ही? तुम्ही नका, आबा. मानसं येतीन आते."

"लोट," सुपडू म्हणाला.

त्यानं दोन्ही हात लाकडाला लावले, भाजलेलाही लावला. मान खाली घातली, चांगला पाय मातीत रोवला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. पाठीतून कळ निघाली. डोळ्यांपुढे अंधारी आली. चाक बोटभर पुढे गेलं आणि परत आपल्या खळग्यात येऊन बसलं.

"मोतीलाल," तो धापा टाकत म्हणाला, "काय भरेल शे रे यामा?"

मोतीलालनं चाकाआडून डोकं वर काढलं.

"काही नही, आबा. रिकामी शे."